क्लेम्सचं टेबल घे

पाचपाखाडी, ठाणे
रविवार

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ट्रेनिंग संपल्यावर तुझी विमा कंपनी तुला दोन जागा देते आहे: लोअर परळला स्ट्रॅटेजी, नाहीतर महाप्याला क्लेम्स, म्हणजे विम्याचे दावे तपासून पैसे देण्याचं काम. क्लेम्समध्ये गेलेला माणूस तिथेच रुतून बसतो, असं तुझे बॅचमेट म्हणतात. आणि मग तू जरा दबकतच म्हणालीस, "आई, मला पुढे सीईओ व्हायचंय गं." दबकतेस कशाला? विभा पडळकर चार्टर्ड अकाउंटंट. २००८ मध्ये एचडीएफसी लाइफ या आयुर्विमा कंपनीत आल्या, तिथला आर्थिक कारभार सांभाळला आणि २०१८ मध्ये कंपनीच्या प्रमुख झाल्या. आपल्या घरातल्या मुलीने ही इच्छा धरली याचा मला फार आनंद झाला.

पण मला आज तुला एका अमेरिकन माणसाबद्दल सांगायचंय. रॉबर्ट बेनमोश. जन्म १९४४चा, ब्रुकलिनमधला. घरच्यांचं मोटेल होतं. हा लहान असतानाच वडील गेले आणि मोटेलवरचं कर्ज आईच्या डोक्यावर आलं. पुढे त्याने गणितात पदवी घेतली, सैन्यात सिग्नल कोअरमध्ये नोकरी केली, मग बँक, मग शेअर दलालीची पेढी. विम्यात आला तेव्हा पन्नाशी उलटली होती. १९९८ ते २००६ तो मेटलाइफचा प्रमुख होता. पॉलिसीधारकांच्या मालकीची ती जुनी कंपनी त्याच्याच काळात, २००० मध्ये, शेअर बाजारात आली. मग निवृत्त होऊन क्रोएशियात समुद्राकाठी घर, द्राक्षाचे मळे. तिथून त्याला ऑगस्ट २००९ मध्ये एआयजी ही मोठी अमेरिकन विमा कंपनी सांभाळायला बोलावलं.

एआयजीचं नाव तू वर्गात ऐकलं असशीलच. सप्टेंबर २००८ मध्ये ती बुडायला आली आणि अमेरिकन सरकारने एका रात्रीत ८५ अब्ज डॉलर उभे केले. पुढे मदतीचा आकडा १८२ अब्जांपर्यंत गेला. तेव्हा आपल्या बिल्डिंगमधले दोघे-तिघे पॉलिसीचे कागद घेऊन संध्याकाळी आपल्याकडे आले होते, आठवतं? त्यांच्या इथल्या कंपनीत एआयजीची भागीदारी होती. परदेशी भागीदाराला तेव्हा आपल्याकडे २६ टक्क्यांचीच मर्यादा होती आणि इथल्या कंपनीचं भांडवल इथेच, विमा नियामकाच्या नजरेखाली होतं. हे समजावल्यावर ते शांतपणे घरी गेले.

एआयजी बुडायला आली ती विम्याच्या क्लेममुळे नव्हे. आगीचा, मोटारीचा, आयुर्विमा, सगळे धंदे चालू होते आणि क्लेम देत होते. मोठं भगदाड पडलं ते लंडन आणि कनेक्टिकटमधून चालणाऱ्या एका छोट्या विभागात. घरकर्जांवर बेतलेले रोखे बुडाले तर नुकसान आम्ही भरून देऊ, अशी हमी तो विभाग मोठमोठ्या बँकांना देत होता. काम विम्याचंच, पण विमा म्हणून नोंद नाही, म्हणून राखीव निधीची सक्ती नाही. हप्ते येत राहिले, बोनस वाटले गेले. वर बसलेल्यांना तो नफाच दिसत होता.

ऋतुजा, क्लेम्स सेक्शनला काही वर्षं काढलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं: हे सगळे एकाच महिन्यात दारात उभे राहिले तर पैसे कुठून देणार? मी स्वतः क्लेम्सच्या काउंटरवर होते तेव्हाचे, २६ जुलै २००५चा पूर ओसरल्यावर लेप्टोच्या तापाने माणसं गेली, ते आठवडे मी विसरणार नाही. कळवा, मुंब्रा, वागळे इस्टेटमधल्या बायका डेथ क्लेमचे फॉर्म घेऊन काउंटरला उभ्या. काही अर्ली क्लेम होते, पॉलिसी घेऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्यांची चौकशी करावीच लागते आणि ती करतानाही समोरच्या बाईशी नीट बोलावं लागतं. प्रत्येक डॉकेट, म्हणजे पॉलिसीची फाइल, उघडताना कळायचं की कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी सही करून दिलेला शब्द आज मला पाळायचा आहे. सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवायला हाताशी ठेवायचं भांडवल, ठरवून दिलेल्या किमानाच्या दीडपट हवी हा नियम तू परीक्षेसाठी पाठ केला असशील. त्या काउंटरवर बसल्यावर तो अंगात भिनतो.

बेनमोशने काय केलं? कंपनी तुकड्यातुकड्याने मिळेल त्या भावाला विकायची घाई चालली होती, ती त्याने रोखली. आशियातला आयुर्विम्याचा धंदा, एआयए, ब्रिटनच्या प्रुडेन्शियलला साडेपस्तीस अब्ज डॉलरला द्यायचं ठरलं होतं. त्यांनी भाव पाडून मागितला, तेव्हा एआयजीने नकार दिला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये एआयए हाँगकाँगच्या बाजारात आणून वीस अब्जांहून जास्त उभे केले. त्याच महिन्यात त्याने आपल्याला कॅन्सर झाल्याचं जाहीर केलं आणि तरी काम चालू ठेवलं. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने आपले उरलेले शेअर विकले. सरकारला दिल्यापेक्षा सुमारे २२.७ अब्ज डॉलर जास्तच मिळाले. २०१४ मध्ये तो पायउतार झाला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये गेला.

तो संत नव्हता. बोनसवरून लोक चिडले होते, तर त्या रागाची तुलना त्याने २०१३ मध्ये कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवण्याशी केली. नंतर माफी मागितली, पण लोकांच्या पैशावर वाचलेल्या कंपनीच्या प्रमुखाने असं बोलावं हे मला आजही पटत नाही. तरीही त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे, कारण दुसऱ्यांनी दिलेले शब्द निभवायला तो निवांत आयुष्य सोडून आला. तीस वर्षांची पॉलिसी विकणारा प्रमुख ती पिकेपर्यंत खुर्चीत नसतोच. म्हणूनच आपल्याकडे कंपनीने निवडलेल्या सीईओलाही नियामकाची मंजुरी लागते.

स्ट्रॅटेजी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिथे तू हुशारीने काम करशील आणि साहेबांच्या नजरेत लवकर येशील. पण ते टेबल तुला तिशीतही मिळेल. क्लेम्सचं टेबल तेव्हा कुणी देणार नाही आणि तूही मागणार नाहीस. दोन वर्षं घे. घणसोलीला उतरून रिक्षा मिळते, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जाणं काही अवघड नाही.

बाबांचं मत वेगळं आहे, ते तुला स्वतंत्र फोन करतील. त्यांचंही नीट ऐक. एचआरला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे ना? महाप्याच्या टीमला अर्ली क्लेमची चौकशी स्वतः करायला मिळते की ती बाहेरच्या एजन्सीला देतात, एवढं आधी विचारून घे आणि मला कळव.

तुझी,
आई