स्वभावाला औषध नसतं म्हणतेस, म्हणून हे पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "यांचा स्वभाव मला मिळाला असता तर मीही सुखात असते. पण स्वभावाला औषध नसतं." आणि लगेच भाजीच्या भावाकडे वळलीस. ते वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. फोनवर असलं काही नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहिते. बाबा, तुम्हीही वाचा. यातलं बरंचसं तुमच्यासाठीच आहे.

स्वभाव जन्मानं मिळतो, हे तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो. आजी नाही का, कुणाला घरी यायला उशीर झाला की दिवेलागणीपासून दारात उभी असायची? तू तिचीच लेक. मानसशास्त्रात स्वभाव मोजताना पाच गोष्टी पाहतात: माणसांत रमणं, इतरांशी जुळवून घेणं, शिस्त, नव्याची ओढ आणि मन किती चटकन अस्वस्थ होतं ते. कोस्टा आणि मॅक्रे या अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्ये एक गोष्ट दाखवली, ती मला फार मोलाची वाटते. रोजचा आनंद आणि रोजचा त्रास हे एकाच काट्यावर वरखाली होत नाहीत. आनंदाचं नातं माणसांत रमण्याशी जास्त, त्रासाचं अस्वस्थ होण्याशी. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच दिवसात दोन्ही भरपूर असू शकतात.

वाचताना मला तूच दिसलीस. भिशीच्या दिवशी बायकांमध्ये डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेस आणि त्याच रात्री गॅसचं बटण बघायला परत उठतेस. यातलं दुपारचं हसणंही खरंच असतं ना? तरी तू स्वतःचा हिशेब मांडतेस तेव्हा फक्त रात्र धरतेस.

शिवाय तुझ्या स्वभावात नुसती काळजी नाही, शिस्तही आहे, आणि ती या घरात कुणी मोजतच नाही. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे १५०० हुशार मुलांची पाहणी सुरू केली. पुढे अनेक दशकं त्या मुलांची माहिती जमा होत राहिली. १९९३ मध्ये हॉवर्ड फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं की यातलं कोण जास्त जगलं. लहानपणी ज्यांना आईवडिलांनी आणि शिक्षकांनी जबाबदार, नेटकं म्हटलं होतं, ती मुलं जास्त जगली. आणि ज्यांना आनंदी, विनोदी म्हटलं होतं, ती सरासरीनं कमी. त्यामागचं एक कारण असं दिसलं की आनंदी मुलं मोठेपणी सिगारेट, दारू आणि धोके जरा सहज पत्करत होती.

बाबा, तुम्ही सिगारेटला कधी हात लावला नाहीत, हे मला माहीत आहे. पण "काही होत नाही" हे तुमचं आवडतं वाक्य आहे, आणि शुगरचा रिपोर्ट त्याच वाक्याखाली टीव्हीच्या खणात पडून असतो. तुमच्या हसऱ्या स्वभावावर हे घर उभं आहे, यात शंका नाही. पण त्याला आईच्या काटेकोरपणाची जोड नसती तर तुमच्या गोळ्यांच्या वेळा कुणी सांभाळल्या असत्या?

२०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णेचं पाणी चढत होतं आणि गल्लीतले सगळे म्हणत होते की २००५ इतकं काही येणार नाही. आई तासातासाला आयर्विन पुलाची पातळी विचारत होती. तिनंच घराची कागदपत्रं, औषधं, गॅसचं पुस्तक पिशवीत भरलं, गहू-तांदूळ माळ्यावर चढवायला लावले आणि पाणी दारात यायच्या आधी सगळ्यांना मावशीकडे हलवलं. नंतर मावशीच्या दोन खोल्यांत इतकी माणसं कोंबलेली असताना तिथं कुणी रडत बसलं नाही, ते बाबांमुळे. रोज रात्री पत्त्यांचा डाव मांडायचात तुम्ही. दोघांपैकी एकाचाच स्वभाव घरात असता तर ते दिवस कसे गेले असते, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे.

म्हणून बाबा, एक मागणं आहे. आईला "काळजी करू नकोस" म्हणणं थांबवा. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८० च्या दशकात अशाच माणसांचा अभ्यास केला, जी आधी काय काय बिघडू शकेल ते डोळ्यांसमोर आणतात आणि मग त्याची तयारी करतात. अशा माणसांना धीर देऊन, "सगळं छान होईल" सांगून त्या विचारांपासून तोडलं तर त्यांचं काम उलट बिघडतं. काळजी ही त्यांची तयारीची रीत असते. आई बोलायला लागली की तुम्ही पेपर वर धरता. त्याऐवजी "बरं, मग काय करायचं?" एवढं विचारून पाहा. तिच्याकडे उत्तर तयार असतं.

आता आई, तुझ्याशी. काळजी हातांना काम देते तोवर ती तुझी आहे. रात्री दोन वाजता, करण्यासारखं काही उरलेलं नसताना ती येते, तेव्हा तिच्यात आणखी काहीतरी मिसळलेलं असतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती नेमकं हेच सांगते. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी ती खूप लोकांपर्यंत नेली. एलिस म्हणत, घटना आपल्याला जितकी छळते, त्याहून जास्त तिच्याबद्दलची आपली मागणी छळते. सगळं नीट पार पडावं, ही इच्छा झाली. नीट पार पडलंच पाहिजे, नाहीतर मला सोसवणार नाही, ही मागणी झाली. मन चटकन अस्वस्थ होणं तुला आजीकडून आलं असेल, ही मागणी मात्र रोज आपण स्वतः घालत असतो, आणि ती सैल करता येते. "असं झालं तर वाईट वाटेल, पण मी निभावीन. आजवर निभावलं आहे," हे स्वतःशी मुद्दाम म्हणायचं. पहिले काही दिवस तोंडदेखलं वाटेल. तरी म्हणत राहा. तू कसकसं निभावलं आहेस, ते मी पाहिलं आहे.

मात्र झोप रोजच उडायला लागली, जेवण नकोसं वाटायला लागलं आणि असे आठवडे जात राहिले, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नाही. सरळ डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर फुकट आणि मराठीत बोलता येतं. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेव.

आणखी एक. हल्ली तुम्ही दोघंही "आता आमचं काय राहिलंय" म्हणायला लागला आहात. मला ते खरोखर सहन होत नाही. ओहायोतल्या एका गावात पन्नाशीपुढच्या ६६० माणसांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं. बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये मांडलं की ज्यांचं मत चांगलं होतं ती माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. अशा अभ्यासातून नेमकं कारण सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण म्हातारपण आलं म्हणजे संपलं असं मानणारा माणूस फिरायला जात नाही, डॉक्टरांना दात दाखवत नाही, नवं काही शिकत नाही, हे तर आपल्या गल्लीतच दिसतं. बाबा, हार्मोनियमचा क्लास तुम्ही गुडघ्याचं निमित्त करून सोडलात. पेटी बसून वाजवतात, आणि खुर्चीवर बसूनही वाजवता येते. परत सुरू करा.

पुढच्या आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. आई, तुझ्या मनात जे जे येतंय ते सगळं वहीत उतरव: आधीच्या तपासण्या, शुगर किती हवी, थेंबांच्या वेळा, डोक्यावरून आंघोळ कधीपासून, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. त्यातलं माझ्या वाट्याचं मला फोनवर सांग. बाबा, शुगर या सोमवारीच तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. मी आदल्या दिवशी सकाळी पोचते. थेंब घालायचं काम आठवडाभर माझ्याकडे, त्यात कुणी हात घालायचा नाही.

तुमची लेक