आधी जोड बघा, मग शिट्टी वाजवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवून पाहा. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या चालू असतात. पंच दोन पोरांना मनगटाला धरून आखाड्यात आणतात, खांद्याला खांदा लावून उभे करतात, दंड चाचपतात, तालमीत यायला लागून किती दिवस झाले ते विचारतात. एक पोर वीतभर उंच निघाले की कडेला बसलेली माणसेच ओरडतात, "जोड होत न्हाई!" पंच निमूटपणे दुसरी जोड शोधायला वळतात. थोराड पोराला कुणी नावे ठेवत नाही, बारक्यालाही कमीपणा वाटत नाही. सोलापूर जिल्ह्यात गावोगाव चालत आलेली ही रीत आपण शाळांच्या कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटच्या सामन्यांत मात्र सोडून दिली आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या कबड्डीत एका बाजूला पन्नास-साठ गुण आणि दुसरीकडे सात-आठ, असा निकाल लागला तरी कुणाला त्याचे काही वाटत नाही.

आम्ही मैदानावर शिट्टी वाजवणारी आणि शाळांचे संघ बांधणारी माणसे आहोत. एकतर्फी सामन्याचा दोष आम्ही मुलांच्या माथी मारत नाही. जिंकणाऱ्या मुलाला जीव तोडून खेळायलाच शिकवलेले असते, आणि ते बरोबरच आहे. असा सामना बहुतेक वेळा भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती चिठ्ठी, काढतानाच ठरून जातो. पुढे तो आवरायचा की नाही, हे बाकावर बसलेल्या मोठ्या माणसांच्या हातात असते.

कबड्डीत अंतर इतके भराभर का वाढते, ते आधी पाहू. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. तगड्या चढाईपटूने पहिल्या चढाईत दोन गडी टिपले, समोर पाच उरले. त्या पाचांतला एक चढाईला गेला, पकडला गेला, चार उरले. पुन्हा दोन टिपले, दोन उरले. पुन्हा एक पकडला गेला, आता एकच उरला. पाचव्या चढाईत तोही बाद, वर सगळा संघ बाद केल्याचे, म्हणजे लोणाचे, दोन गुण. अडीच मिनिटांच्या आत ९ गुण. बाद झालेला गडी उठवून परत आत आणायचा तर आधी गुण हवा, आणि गुण मिळवायला गडी हवेत. कोपऱ्यावरचे चांगले पोर बहुधा पहिल्यांदा टिपले जाते आणि लोण पडेपर्यंत रेषेबाहेर मांडी घालून बसते. १५-५-१५ मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला मैदान येते ते निम्म्याहून कमी. करमाळा किंवा माळशिरसहून शंभर किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पहाटेच्या एसटीने कापून, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आलेले पोर एवढ्यासाठी आलेले नसते.

त्यात वजनाचा प्रश्न. कबड्डीत वयोगटानुसार वजनाची वरची मर्यादा आहे, खालची नाही. सहावीतले ३२ किलोचे पोर आणि आठवीतले, मिसरूड फुटू लागलेले ४८ किलोचे पोर एकाच गटात समोरासमोर येतात, आणि नियमाने त्यात काही चूक नसते. जन्मतारखेचा दाखला खरा असतो तेव्हाची ही गोष्ट. खोटा असला तर बोलायलाच नको. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांपायी आणि चषकापायी वय चोरणारे संघ प्रत्येक पंचाला ठाऊक असतात. प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही आहे, एवढ्यावर न थांबता शाळेच्या जनरल रजिस्टरमधली पहिलीच्या प्रवेशाची नोंद मागावी. दाखल्यातली तारीख मागाहून बदलता येते, पहिलीत प्रवेश कोणत्या वर्षी झाला ते लपवणे अवघड जाते.

खो-खोत जुन्या जाणत्यांनी यावरचे उत्तर नियमातच घालून ठेवले आहे. पहिल्या डावात ठरावीक गुणांची आघाडी असली, तर आघाडीवरचा संघ प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ पुन्हा आक्रमणाला लावू शकतो. तेवढ्यानेही आघाडी फिटली नाही तर सामना तिथेच संपतो. आपल्या पानावर छापून येणारा 'एक डाव आणि अमुक गुणांनी विजय' तो हाच. शिवाय आक्रमण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला वेळ संपण्याआधी आपली पाळी थांबवता येते. किशोर गटात हा हक्क फारसा कुणी वापरत नाही, बहुतेक पोरांना तो सांगितलेलाच नसतो. वेळापूर किंवा वाडीकुरोलीसारख्या खो-खोच्या गावातले पोर लहानपणापासून खांबाला वळसा घालत मोठे होते, आणि समोरच्या शाळेच्या मैदानात कधी कधी खांब रोवून महिनाही झालेला नसतो. तीन गड्यांची पहिली तुकडी मिनिटाच्या आत कापली गेली की सात मिनिटांच्या पाळीत पुढे काय होणार, हे सगळ्यांनाच कळते. पाळी तिथे थांबवली म्हणून विजय उणा होत नाही.

मॅटवरच्या कुस्तीतही हीच समज आहे. फ्रीस्टाइलमध्ये दहा आणि ग्रीको-रोमनमध्ये आठ गुणांचा फरक पडला की पंच कुस्ती थांबवतात, हात वर करतात, दोन्ही मल्ल एकमेकांना भेटून खाली उतरतात. कबड्डीला आणि क्रिकेटला असा बांध नाही.

क्रिकेटचे एक उदाहरण महाराष्ट्राला पाठ आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते, ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी. काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांचा विक्रम हुकला याची हळहळ आजही होते आणि ती रास्त आहे. पण ती मोठी, जाणती माणसे होती. नको वाटले तेव्हा खेळ थांबवायचा मार्ग त्यांच्यापुढे होता, तो चुकीचा का असेना. बारा वर्षांच्या कर्णधाराला असा मार्ग नसतो. सर म्हणतील तोवर तो क्षेत्ररक्षण करत राहतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला आंतरशालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ धावा काढल्या, त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. त्या मुलाच्या फलंदाजीला बोट लावायचे कारण नाही. पण ते १४६५ होईस्तोवर उन्हात चेंडूमागे धावणारीही शाळकरी मुलेच होती, आणि डाव सोडायचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. शालेय सामन्यांत ५० धावा झाल्या की फलंदाजाने निवृत्त व्हायचे, बाकी सगळे बाद झाले तरच परत यायचे, एवढा स्थानिक नियम आयोजकांनी केला तर दहाव्या क्रमांकाच्या पोरालाही पॅड बांधायला मिळतात.

आता प्रशिक्षकांनी काय करायचे ते. "पोरांनो, जरा सोडून खेळा" ही सूचना सर्वांत वाईट. मग पोरे काय करतात? चढाईला जाऊन मध्यरेषेवर उभे राहतात, हसतात, कबड्डी-कबड्डी म्हणत तीस सेकंद काढून परततात, नाहीतर मुद्दाम हाती लागतात. समोरच्याला ते लगेच कळते. पन्नास गुणांनी हरणे पोर विसरते, फुकट दिलेला गुण विसरत नाही. खेळ हलका करायचा नाही, आपल्याच संघापुढचे काम अवघड करायचे.

समजा, मध्यंतराला २५ गुणांची आघाडी आहे. मुख्य चढाईपटू आणि दोन्ही कोपरारक्षक बसवावेत, राखीव पाचही मुले आळीपाळीने आत घ्यावीत. चढाईचा क्रम लावून द्यावा, म्हणजे ज्याने आजवर एकही चढाई केलेली नाही तोही जाईल. टिपायचे ते फक्त पायाने, हाताने नाही. समोर सहा-सात गडी असतील तर बोनस, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा गुण, घ्यावा. ही बारीक गोष्ट आहे, पण फार कामाची आहे. बोनसचा गुण मिळतो आणि समोरचा एकही गडी बाद होत नाही, म्हणजे तो संघ भरलेला राहतो आणि सामना सामन्यासारखा दिसतो. पकडीत चढाईपटूला 'निदान रेषा' (मध्यरेषेपुढची, चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा) ओलांडू द्यावी, मग दोघांनी साखळी करून धरावे. जड पोराने एकट्याने धडक मारून बारक्याला रेषेबाहेर उडवणे त्या घटकेला बंद. मुका मार, मनगट, खांदा, हे सगळे तिथेच होते, आणि तोवर थकलेले दुबळे पोर तोल सावरू शकत नाही. कुणी चिडवले, मांडी थोपटून नाचून दाखवले, तर पंचांनी ताकिदीचे हिरवे कार्ड काढायला मागेपुढे पाहू नये.

हरणाऱ्या संघाच्या सरांनीही मध्यंतराच्या पाच मिनिटांत ओरडू नये. गुणफलकाकडे पाठ करून पोरांना बसवावे, पाणी द्यावे, आणि आवाक्यातले काम सांगावे. पुढची पाच मिनिटे लोण पडू द्यायचा नाही. तीनच गडी उरले तर घाबरायचे नाही, सुपर टॅकलचा (तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीचा) नियम लागू असेल तर तिथे एकाचे दोन गुण मिळतात. दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईला, म्हणजे जिथे गुण घ्यावाच लागतो तिथे, सर्वांत बारक्याला ढकलायचे नाही. हे शेवटचे आम्ही वारंवार पाहतो आणि ते थांबले पाहिजे.

आयोजकांच्या हातात यापेक्षा जास्त आहे. १६ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा १५ सामन्यांत उरकते, पण त्यातले आठ संघ एका सामन्यानंतर घरी जातात. पहिल्या फेरीत हरलेल्या आठांची वेगळी बाद फेरी लावली तर सातच सामने वाढतात, प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतात, आणि दुसरा सामना बहुधा तोलामोलाचा होतो. चार-चारचे चार गट केले तर गटांतले २४ आणि पुढचे ३ असे २७ सामने होतात. गटातले सामने १०-३-१० मिनिटांचे ठेवून, अदलाबदलीसह अर्धा तास धरला, तर दोन मैदानांवर ते २४ सामने सहा तासांत होतात. मागच्या वर्षीच्या पहिल्या चार संघांना मानांकन देऊन वेगवेगळ्या गटांत टाकावे. आणि पुढे चाल द्यायचीच असेल तर ती बलाढ्य संघांना द्यावी, नवख्यांना नको. नवख्या संघाला पुढे चाल मिळाली की तो न खेळताच दुसऱ्या फेरीत थेट एखाद्या दादा संघासमोर उभा राहतो.

गट पद्धतीत एक मोठी चूक होते. दोन संघांचे गुण सारखे झाले की गुणफरक बघतात. मग पोरांनी थांबावे असे म्हणण्यात अर्थ काय? पन्नासने जिंकलेला पुढे जातो, तिसावर थांबलेला मागे राहतो. थांबणाऱ्याला शिक्षा करणारा नियम आपणच केलेला असतो. त्यासाठी एका सामन्यातला गुणफरक जास्तीत जास्त २० धरावा, वर कितीही असो. शिवाय प्रो कबड्डीत बरीच वर्षे सात किंवा कमी गुणांनी हरणाऱ्याला एक गुण मिळत असे, तसा इथेही ठेवावा. हरणाऱ्याला शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजायला कारण राहते.

आणि किशोर गटापुरता एक प्रयोग: उत्तरार्धात ३० गुणांचा फरक पडला की पंचांनी सामना संपवावा, गुणपत्रकावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात, आणि उरलेली मिनिटे दोन्ही शाळांची पोरे मिसळून दोन संघ करून खेळवावे. मघाशी ज्याने टिपले, त्याच्याच शेजारी साखळीला हात धरून उभे राहिल्यावर बारके पोर त्याच्याकडून पकड शिकते. हे करायला शिट्टी आणि घड्याळ पुरे होते.

दोन विनंत्या उरल्या. मैदानावर माइक धरणाऱ्यांनी आघाडी वाढेल तसा आवाज वाढवू नये, दर लोणाला हलगी वाजवू नये. दुसरी विनंती आपल्याला, संपादक महोदय. १४ वर्षांखालील सामन्याच्या बातमीत 'धुव्वा उडवला', 'लोळवले', 'चारी मुंड्या चीत' हे शब्द नकोत. नुसते 'विजयी' पुरे. आणि हरलेल्या संघातून ज्याने चांगल्या पकडी केल्या, त्याचे नाव त्याच ओळीत द्यावे. बातमी पाठवताना ते नाव लिहून द्यायची जबाबदारी आम्ही पंच घेतो.

आपले,
शालेय सामन्यांतले काही पंच व क्रीडाशिक्षक, सोलापूर