उस्ताद, तुमची वाक्यं अजून ड्यूटीवर आहेत

आदरणीय उस्ताद,
जय हिंद.

१८ ऑक्टोबर, म्हणजे आपल्या मिलिटरी पोलीस कोरचा स्थापना दिवस आला की ग्रुपवर जुने फोटो पडतात, आणि फोटोंपेक्षा जास्त तुमची वाक्यं पडतात. कोण कुठल्या साली कुठे होतं यावर आमचं एकमत होत नाही, पण तुम्ही कुणाला काय म्हणालात ते सगळ्यांना तोंडपाठ. म्हणून हे आभार उघडच मानतोय. समोर मानले असते, तर तुम्ही मला तिथल्या तिथे 'पीछे मुड' करायला लावलं असतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आम्ही लष्करातले पोलीस. लाल टोपी, पांढरा पट्टा, दंडावर एम.पी. ब्रीदवाक्य 'सेवा तथा सहायता', पण दिवसभराचं काम आपल्याच माणसांना अडवायचं. पास बघा, गणवेश बघा, गाडीचा वेग बघा. बंगळुरूच्या ट्रेनिंगमध्ये कायदा आला, हाताच्या खुणा आल्या, मोटरसायकल आली. पण ज्याच्याबरोबर भरती झालो तोच आता आपल्याला बघून रस्ता बदलतो, त्याचं काय करायचं? ते तुम्ही शिकवलंत. "अरे, आपण म्हणजे माहेरी आलेली नणंद. घरचीच, पण ती आली की भांडी आपोआप हळू वाजतात. तिनं ते मनाला लावून घ्यायचं नसतं."

मग ते टोपीचं वाक्य. "टोपी लाल आहे तेवढी पुरे, डोळे लाल करू नका." आणि लांबून आम्हाला बघून कुणी घाईघाईनं टोपी सरळ केली, तर त्याला थांबवायला धावणाऱ्या नव्या पोराला: "त्यानं टोपी सरळ केली, आपलं काम झालं. आता काय त्याची आरती ओवाळणार?" 'बटण आत्ताच तुटलं' म्हणणाऱ्या जवानाला तुम्ही किती शांतपणे म्हणाला होतात, "तुझं बटण फार शिस्तीचं दिसतंय. आम्हाला बघूनच तुटतं." तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी बटण जागेवर होतं. एका साहेबांनी गाडीची काच खाली करून 'मैं कौन हूँ, पता है?' विचारलं, तेव्हाचं तुमचं उत्तर तर प्रत्येकानं आपल्या नावावर खपवलंय: "जी श्रीमान, इसीलिए पहले सलूट किया, फिर रोका।" साहेबसुद्धा हसले. नोंद मात्र तुम्ही केलीतच.

पण खरे आभार आहेत ते घाटातल्या त्या रात्रीचे. दरड कोसळलेली, कॉन्व्हॉय अडकलेला, आपली ट्रॅफिक पोस्ट म्हणजे एक कंदील आणि आपण दोघं. तुम्ही रांगेतल्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन काच ठोठावत होतात आणि ड्रायव्हरला काहीतरी गमतीचं सांगत होतात. मला वाटलं, उस्ताद वेळ घालवतायत. एका गाडीपाशी तुम्ही तोच विनोद पुन्हा सांगितलात. ड्रायव्हर हसला, पण जरा उशिरा. तुम्ही त्याला खाली उतरवलंत, को-ड्रायव्हरला स्टिअरिंगवर बसवलंत, आणि परत येताना मला म्हणालात, "जागा माणूस लगेच हसतो. ज्याला उशीर लागतो, तो डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो." तेव्हा कळलं, ती सगळी तपासणी चालली होती. 'झोपलायस का?' असं विचारलं असतं, तर झाडून सगळे 'नहीं उस्ताद' म्हणाले असते.

निवृत्तीनंतर मी रात्रीच्या मालवाहू ट्रकांची ये-जा सांभाळतो. गेटवर प्रत्येक ड्रायव्हरला एक फालतू विनोद ऐकवतो. माझे विनोद तुमच्याइतके बरे नाहीत, त्यामुळे न हसणाऱ्यात झोपलेला कोण आणि कंटाळलेला कोण, हे ओळखायला जरा जास्त वेळ जातो. पण दोघातिघांना चावी ठेवून झोपायला पाठवलंय, आणि त्याचं श्रेय तुमचं.

२०२१च्या मे महिन्यात महिला जवानांची पहिली तुकडी, ८३ जणींची, बंगळुरूहून बाहेर पडली. त्यांचं संचलन बघताना माझ्या मनात आलं, यांना टोपीचं वाक्य कुणी सांगितलं असेल का? सांगितलं असेलच. अशी वाक्यं पोस्टिंगबरोबर फिरतात, बोलणाऱ्याचं नाव तेवढं वाटेत गळतं. तुमचं गळू नये एवढीच इच्छा, म्हणून हे पत्र.

एक काम आहे. 'सलूट'वालं वाक्य तुमचं नसून सुभेदारसाहेबांचं, असा दावा ग्रुपवर एकानं लावून धरलाय आणि गेला आठवडाभर भांडण चालू आहे. तेवढा फोन करून निकाल लावा.

तुमचा,
तेव्हाचा लान्स नाईक