सोनूला, अर्ज भरण्याआधी

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१२ ऑक्टोबर

प्रिय सोनू,

इथल्या सायकॉलॉजी पीएचडीच्या अर्जासाठी तू लिहिलेला मसुदा काल रात्री दोनदा वाचला. पण आधी बाबांसाठी चार ओळी, कारण म्हसरूळचा प्लॉट विकायचा विचार चाललाय असं आई म्हणाली.

बाबा, प्लॉट विकू नका. इथे सायकॉलॉजीच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर दरमहा स्टायपेंड मिळतो. बदल्यात आठवड्याला २० तासांपर्यंत शिकवण्याचं किंवा लॅबमधलं काम करायचं. पदरचे पैसे घालावे लागतात ते मास्टर्सला आणि बहुतेक साय.डी. अभ्यासक्रमांना, म्हणजे संशोधनापेक्षा उपचारांवर भर देणाऱ्या डॉक्टरेटला. सोनूला संशोधन करायचंय, तेव्हा तो रस्ता आपला नाहीच. खर्च येईल तो अर्जांचा, एकेका अर्जाला साधारण ७५ ते १०० डॉलर. तो मी करीन.

आता तू. ‘लहानपणापासून मला लोकांना मदत करायला आवडतं’ या वाक्याने तू सुरुवात केलीयस. माझ्या पहिल्या अर्जातही हेच होतं. कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीने ते लिहून दिलं होतं, आणि मी क्रमवारीचा तक्ता पुढ्यात घेऊन नऊ विद्यापीठं निवडली होती. नऊही नकार आले. त्या फेब्रुवारीत मी जेवायलासुद्धा खाली येत नव्हते, तुला आठवत असेल. चूक कुठे झाली ते मला पुढच्या वर्षी कळलं. इथे एक प्राध्यापक तुला पाच-सहा वर्षांसाठी आपल्या लॅबमध्ये घेत असतो. त्याच्या डोक्यात जो प्रश्न आहे त्याच्या जवळचा प्रश्न तुझ्याकडे आहे का, एवढंच तो शोधतो. म्हणून आधी माणूस शोध, मग विद्यापीठ. प्रत्येकाचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाच आणि ‘यंदा नवीन विद्यार्थी घेणार आहात का’ असा चार ओळींचा ईमेल याच आठवड्यात पाठव. बऱ्याच ठिकाणी १ डिसेंबर ही शेवटची तारीख असते.

दुसरी गोष्ट लिहिताना हात जड होतोय. बारावीच्या वर्षी तुला घाबरण्याचे जे झटके यायचे, रात्री छाती धडधडायची, त्यावर तू सव्वा पान लिहिलंयस. वाचताना मला भरून आलं. तरी ते काढ. ड्र्यू ॲपलबी आणि कॅरेन ॲपलबी या संशोधकांनी कोणत्या गोष्टींमुळे चांगले अर्ज बाद होतात हे प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं. २००६ साली ते छापून आलं. स्वतःच्या मानसिक त्रासाबद्दल गरजेपेक्षा जास्त सांगणं त्यात होतं, आणि ‘सगळ्यांना मदत करायची आहे’ छापाची वाक्यंही होती. मानसशास्त्राच्याच लोकांनी असं वागावं हे मला आजही टोचतं. पण यंदा तुझा अर्ज त्यापायी अडकायला नको.

मग लिहायचं काय? गेल्या दिवाळीत तू फोनवर जे सांगितलंस ते. आजी जेवून उठली, हात धुतले, आणि पाचव्या मिनिटाला ‘मला अजून कुणी वाढलं नाही’ म्हणाली. त्याच संध्याकाळी देवापुढे बसून तिने अख्खा हरिपाठ म्हटला, एक शब्द न चुकता. तू विचारलंस, ‘ताई, हे दोन्ही एकाच डोक्यात कसं?’ सोनू, हाच तुझा अर्ज आहे. १९५३ साली अपस्मारासाठी हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्या नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना फक्त आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात चांगला सुधारला, पण आपण हे आधी केलंय हे त्यांना दर वेळी आठवायचंच नाही. तुझा प्रश्न त्याच वाटेवरचा आहे, आणि तो तुला आपल्या पंचवटीतल्या घरात सापडला. एम.ए.च्या प्रबंधात तू जे स्मरणाचं काम केलंस ते त्याच्याखाली मांड: माणसं किती, चाचणी कोणती, काय चुकलं.

शिफारसपत्रं तीन लागतात. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणाऱ्या सरांना नम्रपणे नाही म्हण. पत्र त्यांनाच थेट अपलोड करायचं असतं, आणि तिन्ही पत्रांची भाषा एक असली की लगेच कळतं. प्रबंधाच्या मॅडमना विचार. तू आकडे तपासताना चुका कशा शोधायचीस हे त्यांनी पाहिलंय. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी बंद केली आहे, प्रत्येक ठिकाणचा नियम बघ.

आई विचारत होती, परत येऊन दवाखाना काढेल का? आई, भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. सोनू निवडतेय तो रस्ता संशोधनाचा आणि शिकवण्याचा आहे. हे आत्ताच माहीत असू दे.

मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात, म्हणजे मामांच्या दिंडोरीच्या बागेत द्राक्षकाढणी चालू असेल तेव्हा. ज्यांना जागा मिळते त्यांना होकार कळवायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. आणि एक कर: आजी हरिपाठ म्हणत असताना मधेच हळूच थांबव. ती तिथूनच पुढे म्हणते की पहिल्यापासून सुरू करते, ते बघून मला लिही.

तुझी,
ताई