वायफाय चालत नसेल तर आधी दोन पिंग मारून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या कॉम्प्युटरवर नेट नीट चालत नाही म्हणून आम्ही फेब्रुवारीपासून जो त्रास काढला तो मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याच अपार्टमेंटमधे अजून दोन-तीन घरांत हेच चाललंय आणि सगळ्यांना उत्तर एकच मिळतं, राउटर बंद करून चालू करा.

मुलगी अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म भरत होती. कॉलेजांचा पसंतीक्रम टाकायचा, सेव्ह करायला गेलं की पान नुसतं गोल गोल फिरत बसायचं. खाली कोपऱ्यात वायफाय कनेक्टेड दिसतंय, त्याच टेबलावरच्या माझ्या मोबाइलवर व्हिडिओसुद्धा सुसाट चालतोय, आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म. शेवटी रात्री साडेनऊला दुकान बंद करत असलेल्या सायबर कॅफेवाल्याला विनवण्या करून फॉर्म भरला. पोरगी रडायला आली होती, त्या वयात ते टेन्शन काय असतं ते आईबापांनाच कळतं.

कंपनीला चार वेळा फोन केला. दर वेळी तक्रार नंबर मिळायचा आणि कुणी यायच्या आधीच तक्रार सोडवली असा मेसेज यायचा. एकदा एक जण आला, त्याने स्वतःच्या मोबाइलवर स्पीड बघितला, लाइन ओके आहे, तुमचा पीसी जुना झालाय नवीन घ्या म्हणाला आणि गेला. फोनवरच्या बाईंनी मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं, म्हणून ५० एमबीपीएसचा १०० केला. फरक शून्य. पडणार कसा, दोष लाइनमधे नव्हताच!

तो कुठे आहे हे शोधायला पाच मिनिटं लागतात आणि ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही, माझी खरी तक्रार ही आहे. विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, आयपीकॉन्फिग टाइप करायचं (इंग्रजीत), त्यात डिफॉल्ट गेटवेपुढे जो आकडा येतो तो आपला राउटर, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखाच काहीतरी. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघणं, त्यासाठी तिथेच पिंग (इंग्रजीत) आणि पुढे आकडा टाइप करायचा. पहिला पिंग त्या राउटरच्या आकड्याला मारायचा आणि दुसरा ८.८.८.८ ला, तो गूगलचा सर्व्हर आहे. राउटरच उत्तर देत नसेल किंवा मधेमधे रिक्वेस्ट टाइम्ड आउट येत असेल तर गडबड घरातच, कॉम्प्युटर आणि राउटरच्या मधे. राउटर नीट उत्तर देतोय पण ८.८.८.८ देत नाही, तर बहुतेक बाहेरची लाइन, कंपनीला धरा. दोन्ही देतायत तरी वेबसाइट उघडत नाहीत, मग डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणारी सोय) बघायचं. आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

आमच्याकडे पहिलाच पिंग तुटत होता, दहातले चार-पाच जायचे. मग पिंग चालू ठेवून एकेक वस्तू हलवून बघितली. सीपीयूमागची बाहेरची हार्डडिस्क काढली आणि त्या क्षणी ओळीने उत्तरं यायला लागली! परत लावली, परत टाइम्ड आउट. वायफायचं डोंगल (कॉम्प्युटरला वायफाय पकडता यावं म्हणून यूएसबीत लावतात ती छोटी कांडी) त्या हार्डडिस्कच्या अगदी शेजारच्या पोर्टात होतं. वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं. यूएसबी ३ च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास अशाच लहरींचा अडथळा (कानाला ऐकू न येणारा) निघतो, आणि आमचं डोंगल फक्त २.४ वरच चालणारं. इंटेलने २०१२ मधेच यावर सविस्तर पेपर काढलाय, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर होता आणि हार्डडिस्कपासून लांबही, म्हणून त्याला काही होत नव्हतं. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, डोंगल टेबलावर घेतलं, विषय संपला. दीडशे रुपयांचं काम, आणि आम्ही नवीन कॉम्प्युटरसाठी कर्ज काढायचा विचार करत होतो.

प्रत्येकाकडे हेच कारण असेल असं नाही. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर, चालू मायक्रोवेव्ह, शेजारच्या दहा घरांचे राउटर एकाच चॅनलवर (२.४ च्या पट्ट्याचे जे लहान भाग ते चॅनल, त्यात १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर न येणारे), काहीही असू शकतं. पण आधी घरात की बाहेर हे तर कळू दे.

माझं कंपन्यांना कळकळीने सांगणं आहे की जोडणी करून जाताना ह्या दोन पिंगचा एक कागद सरळ मराठीत हातात द्या, आणि तक्रार बंद करायच्या आधी आमच्याच कॉम्प्युटरवर ते करून उत्तर तक्रारीत नोंदवा. ज्यांची तक्रार न सोडवताच बंद केली त्यांनी गप्प बसू नये, ट्रायच्या (फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, त्यासाठी तक्रार नंबर जपून ठेवा. वाढीव प्लॅनच्या पैशांसाठी मी तसं अपील केलंय.

आपल्या पुरवणीत ही माहिती चौकटीत छापता आली तर बघा, अकरावीची पुढची फेरी सुरू व्हायच्या आत.

आपला,
एक वाचक, सांगली