मायोर्काचे हवामान एका आकड्यात मावत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीतील परदेश सहलींवरील लेखात भूमध्य समुद्रातील मायोर्का या स्पॅनिश बेटाविषयी ‘ऑक्टोबरात कमाल तापमान २४ अंश, हवा आल्हाददायक’ एवढीच ओळ आहे. ती चुकीची म्हणता येणार नाही. पण ती पाल्मा या राजधानीच्या शहराची आहे, साऱ्या बेटाची नव्हे. हा फरक न कळल्यामुळे आम्हा उभयतांची जी फजिती झाली, ती आपल्या इतर वाचकांची होऊ नये म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी आम्ही याच दिवसांत ठाण्यातील एका सहल कंपनीबरोबर तेथे गेलो होतो. निघण्यापूर्वी आलेल्या संदेशात ‘सुती कपडे आणावेत, छत्रीची गरज नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाल्माहून सोयेर या गावी जाणाऱ्या, १९१२ पासून धावणाऱ्या लाकडी डब्यांच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा बदामाच्या बागांवर लख्ख ऊन होते. बुन्योला स्थानक सोडल्यावर गाडी डोंगराखालच्या पावणेतीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यात शिरली आणि बाहेर पडली ती थेट पावसात. खिडकीच्या जुन्या लाकडी चौकटीतून पाणी ठिबकून सौ.च्या मांडीवरच्या पिशवीवर पडू लागले. सोयेरच्या चौकात हॉटेलवाले खुर्च्या आत ओढत होते आणि खाली संत्र्यांच्या बागांत धुके उतरले होते. पारसिकच्या बोगद्यातून मी नोकरीची अडतीस वर्षे ये-जा केली, पण कळव्याला ऊन आणि मुंब्र्याला थंडीने कुडकुडणे असा प्रकार कधी पाहिला नाही.

याचे कारण समजायला मराठी माणसाला खरे तर वेळ लागू नये, कारण सह्याद्री आपल्या दाराशीच आहे. बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून त्रामुन्तानाची डोंगररांग उभी आहे आणि तिचा सर्वांत उंच माथा, पुच मायोर, सुमारे १४४० मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा बुटका आहे. उत्तर व वायव्येकडून येणारे दमट वारे या भिंतीवर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. त्यामुळे डोंगरातल्या ल्यूक येथील मठाच्या परिसरात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पाल्माला साधारण ४५० आणि दक्षिण टोकाकडे त्याहूनही कमी. त्या कोरड्या दक्षिणेला मिठागरे आहेत. आणि डोंगरात पूर्वी हिवाळ्यातला बर्फ ठासून भरण्यासाठी दगडी हिमघरे होती, ज्यांतला बर्फ उन्हाळ्यात पाल्माला विकला जाई. एका बाजूला मीठ आणि दुसऱ्या बाजूला बर्फ पिकवणारे हे बेट अवघे ३६४० चौरस किलोमीटरचे, म्हणजे पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याहूनही लहान आहे.

बरे, पाल्माचा आकडा तरी नेमका कुठला? बंदराजवळच्या केंद्रातला की विमानतळावरचा? विमानतळ शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे, परंतु तो सपाट मैदानात असल्याने जमीन रात्री लवकर निवते, आणि समुद्राची ऊब लाभलेल्या बंदराच्या तुलनेत हिवाळ्यात तेथील किमान तापमान चार-पाच अंशांनी खाली जाते. उन्हाळ्यात चित्र उलटते. मधले मैदान तापले की दुपारी समुद्रावरून ‘एम्बात’ नावाचा वारा आत वाहू लागतो आणि किनाऱ्यावर बसलेल्यांना आराम देतो. आतल्या गावांपर्यंत तो पोहोचतो तो उशिरा आणि तापलेला. आपल्याकडे मार्चमध्ये खारा वारा लांबला की मुंबई-ठाणे कसे भाजून निघते, हे ज्याने सोसले आहे त्याला यापुढे सांगायला नको. उत्तरेकडील अल्कुदिया व पोयेन्सा ही उपसागरकाठची गावे मात्र उत्तरेच्या वाऱ्याला उघडी आहेत, आणि तो वारा सुटला की पाल्माच्या आडोशातला पोहणारा माणूस तेथे पाण्यात पाय घालायला धजत नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही ती बाब सर्वांत गंभीर आहे. ऑक्टोबर हा तेथील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावर उंचीवरची थंड हवा येऊन थांबली की एखाद्याच भागावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी बेटाच्या पूर्वेकडील सांत लॉरेन्स या गावी असाच काही तासांत २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, गावातून वाहणारा एरवी कोरडा ओढा फुगला आणि त्या पुरात १३ जणांचा बळी गेला. हे वाचून कोणी सहल रद्द करावी असे मी म्हणत नाही. पावसाळी दिवशी कोरड्या ओढ्यात गाडी उभी करू नये, एवढे तरी वाचकाला कळायला हवे.

आकडा कुठला हे न विचारण्याची सवय आपल्यालाही आहेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. त्या दिवशी ‘मुंबईचा पाऊस’ कोणता म्हणायचा?

म्हणून विनंती अशी की, पुढील लेखांत अशा बेटांचे हवामान देताना पाल्माचा उपसागर व दक्षिण, डोंगर व त्याचा पायथा, आणि उत्तर-पूर्व किनारा असे निदान तीन भाग वेगळे द्यावेत आणि आकडा कोणत्या केंद्राचा हे सोबत छापावे. चौकट दोन ओळींनी वाढेल, एवढेच. आम्ही सोयेरला १४ युरो मोजून घेतलेली छत्री पाल्माला परतल्यावर एकदाही उघडावी लागली नाही. ती अजून नौपाड्यातल्या घरी दाराआड टांगलेली आहे आणि यंदाच्या पावसाळ्यात तिच्या दोन काड्या मोडल्या.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे