कोणत्या गावाचे कोणते साल शिल्लक आहे?

प्रति,
संपादक

महोदय,

मराठा समाजाला कुणबी (इतर मागासवर्ग) दाखल्यासाठीचा, हैदराबाद गॅझेटिअरविषयीचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला आणि मराठवाड्यात घराघरांत वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. कोणत्या गावाचे कोणत्या सालाचे दप्तर शिल्लक आहे, हे सरकारने जाहीर करावे, ही या पत्राची मागणी. पण आधी शोध कसा घ्यावा ते सांगतो. अभिलेख कक्षात येणारे अर्ज मात्र बहुधा एकाच साच्याचे असतात : आडनाव अमुक, जिल्हा अमुक, निजामकालीन नोंद मिळावी. अशा अर्जावर काहीच हाती लागत नाही. जुने दप्तर आडनावावर लावलेले नसते. ते गावावर, सालावर आणि शेताच्या नंबरावर लावलेले असते. शिवाय गॅझेटिअरमध्ये माणसांची नावे नसतात, जातवार आकडे असतात. त्यात पणजोबा शोधणे म्हणजे बाजाराच्या आकड्यात आपली पिशवी शोधण्यासारखे आहे.

पहिले काम जुना जिल्हा ठरवण्याचे. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले. परतूर त्याआधी परभणीत होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट आदिलाबादमध्ये. म्हणून उदगीरच्या माणसाने लातूरला हेलपाटे घालून ‘नोंद नाही’ असा शेरा घेतला, तरी नोंद नाही असे सिद्ध होत नाही. गावाचे नावही पूर्ण लिहावे. नुसते पिंपळगाव, वडगाव, सावरगाव लिहून भागत नाही. बुद्रुक की खुर्द, तालुका कोणता आणि शिवेला लागून कोणती गावे, हेही लिहावे.

मग आजच्या सातबाऱ्यापासून मागे चालावे. सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेले आकडे फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे असतात. ते एकेक काढत गेले की वारस फेरफार लागतो आणि त्याच्या जोडीला गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही. बाप-लेकाचे नाते सरकारी कागदावर सगळ्यात स्वच्छ इथेच दिसते. एकत्रीकरण झालेल्या गावात गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढावा लागतो; त्याचे पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. जुना नंबर हाती आला की १९५४-५५ चे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, आणि त्यामागे शेतवारपत्रक, वसुलीबाकी, क्लासर रजिस्टर अशा जुन्या जमीन-महसुली कागदांची वाट खुली होते. १९५१ च्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टरचे गठ्ठे जिथे टिकले आहेत, तिथे ते अवश्य पाहावेत. कारण जमिनीच्या कागदात खातेदारच सापडतो, तर त्यात घरातली माणसे सापडतात.

जमिनीच्या कागदातली आद्याक्षरे न समजल्याने पुष्कळ वंशावळी चुकतात. ‘पि.’ म्हणजे पिता. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा; त्याआधीचे नाव बाईचे असते, आणि उर्दू कागदात तीच बाई ‘जौजे’ अमुक अशी येते. मोडीत ‘बिन’, उर्दूत ‘वल्द’, दोन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढचे नाव आईचे किंवा चुलत्याचे असू शकते, ते बापाचे समजून पुष्कळजण एक पिढी वाढवून बसतात. सगळ्यात घात करते ते ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. चौघा भावांची जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर असते आणि धाकट्या तिघांचे नाव कागदावर कुठेच येत नाही. तुम्ही धाकट्याचे पणतू असाल तर तुमची नोंद तुमच्या नावाच्या पाठीमागे कधीच सापडणार नाही. ती थोरल्याच्या वंशजाच्या लोखंडी पेटीत आहे, आणि तो वंशज आज पुण्याला असेल किंवा ऊसतोडीला गेलेला असेल. भावकीत बोलणे नसेल तर आधी ते सुरू करावे लागते. याला कोणत्याही कार्यालयात पर्याय नाही.

दूरचे नातलग शोधायला आपल्याकडे एक चोख साधन आहे, ते म्हणजे सुतक. दहा दिवसांचे सुतक कोणाचे धरतात, तीन दिवसांचे कोणाचे, आणि कोणत्या गावच्या लोकांचे निरोप आल्यावर नुसते अंघोळीवर भागते, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे. ज्या गावचे सुतक पाळतात त्या गावात तुमची भावकी आहे. कागद नसला तरी हा नात्याच्या अंतराचा हिशेब असतो. पोळ्याला बैलाचा मान कोणत्या घराचा आणि पाटीलकीच्या वाटण्या कशा पडल्या, यावरूनही थोरली-धाकटी पाती कळते. कुलदैवताचे ठाणे दूर असेल तर मूळ गाव त्या बाजूला असण्याची शक्यता धरून तिकडेही चौकशी करावी.

हे सुचवताना आयर्लंडचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कागद नष्ट झालेल्या देशात माणसे पूर्वज कसे शोधतात, हे तिथे पाहायला मिळते. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात उडाले आणि जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक पाने त्यात गेली. १८६१ आणि १८७१ ची सरकारनेच आधी नष्ट केली होती, १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत निघाली. जवळपास पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. त्यामागे जायचे तर कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या, आणि १८४७ ते १८६४ या काळात झालेली ग्रिफिथ यांची जमीन-मूल्यांकन पाहणी, जी कामापुरती आपल्या शेतवारासारखी आहे. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सगळ्यांसाठी सुरू झाली ती १८६४ मध्ये.

त्या पॅरिश वह्यांचे वाचन आपल्या मोडी-उर्दू वाचनाइतकेच फसवे आहे. नावे लॅटिनमध्ये : जेम्सचा जाकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस. एकच आडनाव कधी ‘ओ’ लावून, कधी न लावता. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याची चाल तिथेही आहे, त्यामुळे एकाच वाडीत एकाच नावाचे तिघे चुलतभाऊ सापडतात. त्यातून वाट काढायला बाप्तिस्म्याच्या नोंदीतली साक्षीदार मंडळी उपयोगी पडतात. मुलाचे धर्ममायबाप म्हणून दोघांची नावे लिहिली जात, आणि ती बहुधा काका, मावशी, आत्या असत. आईचे माहेरचे आडनावही त्यातच असते. लग्नाची नोंद नवऱ्याच्या गावात मिळाली नाही तर नवरीच्या पॅरिशमध्ये पाहतात, कारण लग्न बहुधा तिकडे लागे. नात्यात लग्न असेल तर धर्मगुरूंची सूट घ्यावी लागे आणि वहीत ‘तिसऱ्या पायरीचे नाते’ असा शेरा पडे. त्याचा अर्थ दोघांचे पणजोबा-पणजी एक. म्हणजे आपण सुतकावरून जे काढतो तेच तिथे या शेऱ्यावरून काढतात.

नवरीकडे पाहण्याची ती सवय आपण उचलण्यासारखी आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून आजोबांच्या जन्माचा किंवा पहिलीच्या प्रवेशाचा कागद मामाच्या गावी असू शकतो. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढताना दोन्ही गावांच्या जुन्या शाळा बघाव्यात. त्यातली जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी अंदाजाने टाकलेली समजावी. जात आणि बापाचे नाव यासाठी तो कागद चांगला, वयासाठी नाही.

तारखांचा घोळ वेगळा. निजामी कागदांवर फसली, म्हणजे महसुली साल असते, आणि ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होई. आजूर ते बहमन, म्हणजे साधारण डिसेंबरअखेरपर्यंत, फसलीत ५९० मिळवावेत. पुढच्या महिन्यांत ५९१. खुरदाद १३४३ फसली म्हणजे १९३४ चा एप्रिल-मे, पण आजूर १३४३ म्हणजे १९३३ चा ऑक्टोबर. मोडी कागदावर शके साल असेल तर ७८ किंवा ७९ मिळवावेत, सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. हिजरीला असा ठरलेला आकडा नाही, कारण ते वर्ष ३५४ दिवसांचे असते. त्याला जंत्रीच, म्हणजे तारखा जुळवण्याचे कोष्टकच हवे. घाईच्या उर्दू लेखनात नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबे, गळतात, आणि मग ब, प, त, न सारखेच दिसतात. ऱ्हस्व स्वर तर लिहिलेलेच नसतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्द तोडलेले नाहीत. म्हणून एकच शब्द दाखवून ‘हे काय आहे, सांगा’ असे मोडी-उर्दू वाचणाऱ्याला विचारू नये. पूर्ण पान, शक्यतो आधीचे आणि नंतरचेही, दाखवावे. त्याच हाताने तेच अक्षर दुसरीकडे कसे काढले आहे यावरूनच खात्री होते.

तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या, वह्या हा आपला पॅरिश वहीला सगळ्यात जवळचा कागद. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकला गावावरून, आडनावावरून, जातीवरून घरे वाटलेली असतात. तिथे जाताना आजचा पत्ता चालत नाही, मूळ गाव सांगावे लागते. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनाची आडनावे असतील तर मूळ आडनावही आठवून जावे. नोंदीत आलेल्याचे, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव आणि बहुधा येण्याचे कारण मिळते. मात्र एक भेद करावा. १८९० मध्ये खुद्द पूर्वजाने दिलेली माहिती आणि १९६० मध्ये कोणा नातवाने तोंडपाठ सांगितलेल्या पाच पिढ्या यांना सारखे वजन देऊ नये. वही जीर्ण झाल्यावर नव्या वहीत उतरवलेली नक्कल असेल तर तीत एखादी पिढी गळालेली असू शकते. म्हणून वही दिशा दाखवते असे धरावे आणि नाते फेरफार, वारस नोंद, दत्तकपत्र अशा कागदाने जोडावे. दत्तकाचा मुद्दा विसरू नये. दत्तक गेलेल्याचे वडिलांचे नाव बदलते आणि वंशावळ त्या ठिकाणी तुटल्यासारखी दिसते. दत्तक विधानाचा कागद दुय्यम निबंधक कार्यालयात शोधावा.

इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो हे सगळ्यांना पाठ आहे. पण कागदावरचा सखाराम आणि तुमचा सखाराम एकच, हे दाखवता आले नाही तर १९०१ चा कागदही कामाचा नाही. नातवाला आजोबांचे नाव देण्याच्या चालीने एका घरात दर दुसऱ्या पिढीला जयराम निघतो. प्रत्येक जयरामापुढे तो कोणत्या साली हयात होता, कोणत्या नंबराची जमीन कसत होता आणि भावांची नावे काय, एवढे लिहावे. तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर त्याला वंशावळीत बसवू नये, मग तो कितीही सोयीचा असो.

आता मूळ मागणीकडे. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हजाराहून अधिक कॅथलिक पॅरिशच्या वह्यांची छायाचित्रे जुलै २०१५ पासून फुकट पाहायला ठेवली, याचे कौतुक होते. पण शोधणाऱ्याचे खरे श्रम वाचतात ते प्रत्येक पॅरिशपुढे दिलेल्या एका ओळीने : बाप्तिस्मा या सालापासून या सालापर्यंत, विवाह या सालापासून या सालापर्यंत, मधली अमुक वर्षे नाहीत. माणूस निघण्यापूर्वीच त्याला कळते की तिथे जाण्यात अर्थ आहे की नाही.

मराठवाड्यात नोंदी स्कॅन झाल्या, याद्याही लागल्या. पण त्या सापडलेल्या नोंदींच्या आहेत. आपल्या गावाचे दप्तर पाहून त्यात नाव मिळाले नाही, की त्या गावाचे दप्तरच उरलेले नाही, हे त्यावरून कळत नाही. प्रत्येक तहसीलने आणि भूमी अभिलेख कार्यालयाने गावनिहाय एक तक्ता लावावा : दप्तराचा प्रकार, कोणत्या फसलीपासून कोणत्या सालापर्यंत, लिपी मोडी की उर्दू, किती पाने, वाळवीने किंवा पाण्याने गेलेली वर्षे कोणती, आणि त्याच गावाचे काही कागद छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात, हैदराबादच्या तारनाक्यातल्या अभिलेखागारात किंवा बीदरला असतील तर तेही. एका गावाला एक ओळ पुरेल, आणि जी वर्षे नाहीत त्यांच्यापुढे ‘नाही’ असे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक मोडी वाचक, अंबाजोगाई